मिरास आणि उपरेपण : ओलंड बेटांच्या निमित्ताने

जुन्या मराठी गावगाड्यात जमीन कसणाऱ्यांचे दोन ठळक वर्ग असत. एक मिरासदार आणि दुसरा उपरी. मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरागत हक्क असे आणि गावच्या मानपानात त्याला जागा असे. उपरी हा बाहेरून आलेला, बोलीने जमीन कसणारा. तो कितीही कष्टाळू आणि सरळ असला, तरी गाव त्याचे नसे. ही व्यवस्था विषमतेची म्हणून पुढे मोडीत निघाली, आणि ते योग्यच झाले. तथापि तिच्या मुळाशी असलेला प्रश्न मोडीत निघालेला नाही. एखाद्या लहान समाजाला आपली भाषा आणि आपला मुलूख राखण्यासाठी ‘येथला कोण आणि बाहेरचा कोण’ हे ठरविण्याचा नैतिक अधिकार आहे काय? असल्यास तो कोठवर?

आमच्यासारख्या घराण्यांना या प्रश्नाचे उत्तर देणे विशेष अवघड आहे. मराठी मुलखाबाहेर येऊन आमच्या कित्येक पिढ्या लोटल्या. काही घराणी राज्यकर्त्यांबरोबर आली, काही दफ्तरे सांभाळण्यास आली, काही पौरोहित्य, वैद्यकी वा व्यापार यांच्या आधाराने स्थिरावली. काहींच्या बाबतीत माणसे जागीच राहिली आणि सीमा मात्र त्यांच्या अंगावरून सरकली. आम्ही स्वतः उपरेही आहोत आणि आपली भाषा टिकावी म्हणून धडपडणारे अल्पसंख्यही आहोत. दोन्ही पक्षकार एकाच घरात राहत असल्यावर निवाडा निःपक्षपाती होणे कठीण. म्हणून ज्यात आपला रागलोभ गुंतलेला नाही असे एक दूरचे उदाहरण आधी पाहावे, आणि मग घराकडे वळावे, असे आम्ही योजिले आहे.

स्वीडन आणि फिनलंड यांच्या मध्ये, बाल्टिक समुद्रात बोथनियाच्या आखाताच्या तोंडाशी एक द्वीपसमूह आहे. नकाशात ‘आलंड’ असा वाचला जाणारा हा शब्द तेथील लोक ‘ओलंड’ असा उच्चारतात. लहानमोठी बेटे साडेसहा हजारांवर, पण वस्ती असलेली सुमारे साठच. लोकसंख्या सुमारे ३०,००० म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. मारीएहाम्न हे एकच शहर, तेही १८६१ साली वसविलेले आणि रशियाच्या सम्राज्ञीचे नाव ल्यालेले. हे लोक स्वीडिश बोलतात, परंतु नागरिक आहेत फिनलंडचे, आणि फिनलंडची लोकसंख्या सुमारे ५६ लाख आहे.

असे कसे झाले? १८०९ पर्यंत फिनलंड आणि ओलंड दोन्ही स्वीडनच्या राज्यात होते. त्या वर्षी युद्धात हरलेल्या स्वीडनने दोन्ही प्रदेश रशियाला दिले, आणि ओलंड फिनलंडच्या महाजहागिरीचा भाग बनले. रशियाने तेथे बोमारसुंड हा किल्ला बांधावयास घेतला. क्रिमियाच्या युद्धात, १८५४ साली, इंग्रज-फ्रेंच आरमाराने तो उद्ध्वस्त केला, आणि १८५६ च्या पॅरिस तहाने या बेटांवर तटबंदी करण्यास मनाई झाली. पुढे १९१७ साली रशियन साम्राज्य कोसळू लागले, तेव्हा ऑगस्टमध्ये बेटांवरील गावांचे प्रतिनिधी फिनस्ट्रोम येथील एका शाळेत गुपचूप एकत्र आले आणि स्वीडनशी पुन्हा जोडले जावे असा त्यांनी ठराव केला. त्यामागोमाग ७,००० हून अधिक प्रौढांनी सह्या केल्या. त्याच वर्षी ६ डिसेंबरला फिनलंड स्वतंत्र झाले. ‘ज्या न्यायाने आम्ही रशियापासून अलग झालो, तो न्याय तुम्हांला लागू नाही’ असे फिनलंडने ओलंडवासीयांना सांगितले. स्वातंत्र्य मिळविणाऱ्यांना दुसऱ्याचे स्वातंत्र्य एवढ्या लवकर जाचू लागावे, हे इतिहासात पुष्कळदा घडले आहे.

फिनलंडने १९२० साली स्वायत्ततेचा कायदा करून पुढे केला. बेटांनी तो झिडकारला. यूलिउस सुंडब्लूम आणि कार्ल ब्यर्कमान या दोन पुढाऱ्यांना राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली. प्रकरण हातघाईवर येण्याची चिन्हे दिसताच इंग्लंडने ते नव्यानेच स्थापन झालेल्या राष्ट्रसंघापुढे नेले. संघाच्या मंडळाने २४ जून १९२१ रोजी निर्णय दिला की बेटे फिनलंडकडेच राहावीत, मात्र फिनलंडने त्यांच्या भाषेची, संस्कृतीची आणि स्थानिक रीतिभातींची हमी द्यावी. तीन दिवसांनी हमीची कलमे नक्की झाली. शाळांची भाषा स्वीडिश राहील, बाहेरच्यास जमीन विकली गेल्यास ती सोडवून घेण्याचा बेटवासीयांना हक्क राहील, नव्याने आलेल्यास पाच वर्षांच्या वास्तव्यानंतरच मतदान करता येईल, बेटांच्या विश्वासातला नसलेला राज्यपाल त्यांच्यावर लादला जाणार नाही, हा त्यांचा सारांश. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दहा राष्ट्रांनी करार करून बेटे सैन्यरहित आणि तटस्थ ठरविली.

या निर्णयामागील विचार चिंतनीय आहे. संघाच्या चौकशी समितीचे म्हणणे थोडक्यात असे होते. केवळ इच्छा आहे म्हणून प्रत्येक अल्पसंख्य गटाला राज्यातून फुटून जाण्याचा हक्क दिला, तर कोणतेच राज्य उभे राहू शकणार नाही. फुटणे हा शेवटचा उपाय होय. राज्याला अल्पसंख्यांना न्याय्य संरक्षण देण्याची इच्छा किंवा शक्तीच नसेल, तेव्हाच तो विचारात घ्यावा. वरकरणी हा विचार राज्याच्या बाजूचा वाटतो. परंतु तो उलटून पाहिला म्हणजे त्याची दुसरी धार दिसते. अल्पसंख्यांनी राज्यात राहावे हे बंधन बिनशर्त नाही. त्याला बहुसंख्यांच्या वचनपूर्तीची अट जोडलेली आहे. निष्ठेची मागणी करणाऱ्याने प्रथम हमी दिली पाहिजे.

या तडजोडीने कोणाचेच समाधान झाले नव्हते. ओलंडला स्वीडन हवे होते, ते मिळाले नाही. स्वीडनने निषेध नोंदवून निर्णय मानला. फिनलंडला बेटे मिळाली, पण हात बांधून मिळाले. तरीही ९ जून १९२२ रोजी बेटांचे विधिमंडळ प्रथम भरले आणि तो दिवस आजही स्वायत्तता दिन म्हणून पाळला जातो. ज्या सुंडब्लूमला राजद्रोही म्हणून पकडले होते, तोच या विधिमंडळाचा पहिला सभापती झाला आणि १९४५ पर्यंत त्या आसनावर राहिला. ब्यर्कमान पहिला शासनप्रमुख झाला. पुढे १९४६ मध्ये हमी देवविणारा राष्ट्रसंघच विसर्जित झाला. वचन पाळले जाते की नाही हे पाहणारा कोणी उरला नाही, आणि वचन मात्र पाळले गेले. आमच्या मते या साऱ्या कथेतील सर्वांत मोठी घटना हीच आहे.

आता या कारभाराची घडण पाहू. लागटिंग हे ३० सदस्यांचे विधिमंडळ दर चार वर्षांनी निवडले जाते, आणि त्याला जबाबदार असे स्थानिक शासन असते. शिक्षण, संस्कृती, आरोग्य, पोलीस, टपाल, नभोवाणी, गावांचा कारभार आणि उद्योगांना उत्तेजन हे विषय बेटांचे. परराष्ट्र व्यवहार, न्यायालये, बहुतांश दिवाणी व फौजदारी कायदा, जकात आणि मुख्य कर हे विषय राज्याचे. बेटांनी केलेला कायदा फिनलंडच्या राष्ट्राध्यक्षास नाकारता येतो, पण दोनच कारणांसाठी. लागटिंगने आपली अधिकारमर्यादा ओलांडली असेल तर, किंवा राज्याच्या सुरक्षिततेला बाध येत असेल तर. कायदा चांगला की वाईट, शहाणपणाचा की वेडेपणाचा, हे पाहण्याचा अधिकार त्याला नाही. राज्यपालाची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतो, ती लागटिंगच्या सभापतीच्या संमतीने. संमती न जुळल्यास लागटिंगने सुचविलेल्या पाच नावांतून एक निवडावे लागते. वादाच्या मुद्यांवर मत देणारे एक मंडळ आहे. त्यात दोन सदस्य फिनलंडचे शासन नेमते आणि दोन लागटिंग निवडते. फिनलंडच्या संसदेत बेटांचा एक सदस्य बसतो. राज्याने बेटांशी पत्रव्यवहार करावयाचा तो स्वीडिशमध्येच.

या सर्वांहून महत्त्वाची तरतूद अशी की स्वायत्ततेचा कायदा फिनलंडची संसद एकटी बदलू शकत नाही. तेथे घटनादुरुस्तीइतके बहुमत लागते आणि त्याखेरीज लागटिंगचेही दोनतृतीयांश मत लागते. १९५१ आणि १९९१ साली नवे कायदे झाले ते दोघांच्या संमतीने. ५६ लाखांनी ३० हजारांपुढे स्वतःचा हात असा बांधून घ्यावा, हे संख्येच्या गणितात बसत नाही. लोकशाहीचा अर्थ ‘अधिकांचे चालावे’ एवढाच घेतला, तर ही तरतूद लोकशाहीविरोधीच ठरेल. पण संख्येने कायमचे हरलेल्या माणसाला मतपेटी काय देणार? ज्याला पुढील निवडणुकीतही, आणि त्यापुढीलही प्रत्येक निवडणुकीत, हरावयाचेच आहे, त्याच्यासाठी लोकशाहीचे रक्षण बहुसंख्यांच्या स्वयंशासनात नसून त्यांच्या आत्मसंयमात आहे.

येथवर सर्व गोड आहे. कठीण भाग पुढेच आहे.

बेटांवर एक हक्क आहे, त्याच्या स्वीडिश नावाचा अर्थ ‘घरच्या मुलखाचा हक्क’ असा होईल. आपल्या शब्दांत ती मिरास होय. लागटिंगसाठी मत देणे आणि निवडणुकीस उभे राहणे या हक्कावाचून शक्य नाही. जमीन घेणे आणि व्यवसाय करणे यांवरही त्याच हक्काच्या अभावी निर्बंध येतात. आई किंवा वडील यांपैकी एकाला तो असेल, तर अपत्याला जन्माने मिळतो. बाहेरून आलेल्यास तो मिळविता येतो. त्यासाठी फिनलंडचे नागरिकत्व, पाच वर्षे अखंड वास्तव्य आणि स्वीडिशचे पुरेसे ज्ञान हवे. आणि ज्याला हक्क आहे तो बेटे सोडून पाच वर्षे बाहेर राहिला, तर तो गमावतो. फिनलंड १९९५ साली युरोपीय संघात गेले, तेव्हा बेटांनी स्वतंत्र कौल घेऊनच प्रवेश मान्य केला, आणि हे निर्बंध त्या करारातही राखून ठेवले.

यावर सरळ आक्षेप असा की हा तर पुन्हा मिरासदार-उपरी भेद झाला. हेलसिंकीचा माणूस त्याच देशाचा नागरिक. त्याला आपल्याच देशाच्या एका भागात जमीन घेता येऊ नये आणि विधिमंडळासाठी मत देता येऊ नये, हे समतेच्या कोणत्या तत्त्वात बसते? आक्षेप हलका नाही. त्याचे उत्तर समतेच्या निव्वळ शब्दात मिळणार नाही, परिणामात पाहावे लागेल. खुल्या बाजारात निर्बंध नसते, तर राजधानीतील पैशापुढे समुद्रकाठची जमीन किती दिवस मच्छीमारांच्या आणि शेतकऱ्यांच्या हाती राहिली असती? एकेक विक्री निर्दोष, एकेक खरेदी कायदेशीर, आणि पन्नास वर्षांनी शाळेत स्वीडिश बोलणारे मूल शोधावे लागले असते. कोणीही अन्याय केला नसता आणि भाषा मात्र गेली असती. लहान समाज बहुधा कोणाच्या दुष्टाव्याने मरत नाहीत. सर्वांच्या सोयीने मरतात. ही सोय रोखण्यापुरते कुंपण घालणे आम्हांला अन्याय्य वाटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. बेटांवर सुमारे पाच टक्के लोकांची मातृभाषा फिनिश आहे. देशात जी भाषा बहुसंख्यांची, ती येथे अल्पसंख्यांची. सार्वजनिक खर्चाने चालणाऱ्या शाळांचे माध्यम स्वीडिशच, आणि फिनिश हा ऐच्छिक विषय. म्हणजे ज्या संरक्षणासाठी ओलंड जगापुढे उभे राहिले, ते संरक्षण त्याने आपल्या आतील लहानांना दिलेले नाही. ‘फिनिश भाषेला सारा फिनलंड आहे, तिला येथे काय भय?’ असे याचे समर्थन होते. भाषेच्या बाबतीत ते खरेही आहे. पण भाषेला भय नसले, तरी त्या घरातल्या मुलाला आपल्या आईच्या भाषेत अक्षरओळख होत नाही, हे दुःख उरतेच. समर्थनाने ते झाकले जाते, नाहीसे होत नाही. याचा तोटा बेटांनाही होतो. फिनिश न येणारी तरुण मुले बहुतांशी स्वीडनमध्ये शिकावयास जातात, आणि स्वतःच्याच देशाच्या राजधानीशी त्यांचे बोलणे तुटते.

आणखी एक किंमत दुसरेच मोजतात. बेटांच्या सैन्यरहित स्थितीमुळे येथील मिरासदार तरुण सक्तीच्या लष्करी सेवेतून मुक्त असतात. रशियाने २०२२ मध्ये युक्रेनवर पूर्ण आक्रमण केले आणि २०२३ मध्ये फिनलंड ‘नाटो’त गेले, तेव्हापासून ही व्यवस्था राखावी की नाही यावर त्या देशात चर्चा झाली. ती राखली गेली आहे. पण बेटांचे रक्षण करण्याची वेळ आलीच, तर ते मुख्य भूमीवरच्या फिनिश मुलांनी करावयाचे, हे विसरून चालणार नाही. अल्पसंख्यांचे प्रत्येक संरक्षण कोणाच्या तरी खांद्यावर उभे असते. ते घेऊ नये असे आम्ही म्हणत नाही. मात्र घेताना त्या खांद्याची जाणीव असावी.

मग या कुंपणाला न्याय्य म्हणावे की नाही? आम्हांला त्यात एक कसोटी सापडते. मिरास रक्तावर अवलंबून असेल आणि उपऱ्याला ती कधीच मिळणार नसेल, तर ते कुंपण नव्हे, तटबंदी होय. ओलंडचे कुंपण याहून वेगळे आहे, ते दोन गोष्टींमुळे. पहिली, त्याला दार आहे. राहणे आणि भाषा शिकणे या अटी देशाच्या कोणाही नागरिकाला, कोणत्याही जातीत वा घरात जन्मला तरी, पुऱ्या करता येतात. दुसरी, हे दार दोन्ही बाजूंनी उघडते. जन्मसिद्ध मिरासदारही पाच वर्षे दूर राहिला तर उपरा होतो. म्हणजे हक्काचा अखेरचा आधार राहणे आणि बोलणे हा आहे, वंश नव्हे. जन्माने मिळणारा वाटा त्यात आहे, आणि तेवढ्यापुरता जुन्या मिरासीचा वास त्याला येतो, हे मान्य केले पाहिजे. पण त्याचा कल कोणीकडे आहे हे स्पष्ट आहे.

आता घराकडे वळू.

आपल्या राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने प्रत्येक नागरिकाला देशात कोठेही राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क दिला आहे. वडोदरा, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील आमचे आजचे निर्वेध जीवन त्या हक्काच्या छायेत आहे. २९ व्या आणि ३० व्या कलमांनी भाषिक अल्पसंख्यांना आपली भाषा जपण्याचा आणि आपल्या संस्था चालविण्याचा हक्क दिला. १९५६ साली घातलेल्या ३५०-अ कलमाने मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याचे कर्तव्य राज्यांवर सोपविले. बेळगावच्या परिसरात मराठी शाळेसाठी, मराठी कागदपत्रासाठी जी मागणी पिढ्यान्‌पिढ्या केली जाते, तिचा नैतिक आधार ओलंडच्या आधाराहून वेगळा नाही. निष्ठा मागणाऱ्याने हमी द्यावी.

परंतु हाच न्याय आमच्याकडे तोंड करून उभा राहिला, तर? हैदराबादच्या वाचकांना ‘मुलकी’ हा शब्द सांगावयास नको. निजामाच्या राज्यात १९१९ पासून नोकरीसाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याची अट होती. बाहेरून येणाऱ्या शिकलेल्या लोकांपासून स्थानिकांना वाचविणे हा तिचा हेतू. ज्यांच्यापासून वाचवावयाचे, ते आपल्यासारखेच नव्हते काय? माळव्यात वा गुजरातेत आमचे पूर्वज राज्यसत्तेबरोबर आले, तेव्हा तेथल्या लोकांनी त्यांना ‘पाच वर्षे थांबा, आमची भाषा शिका, मग वतन घ्या’ असे म्हटले नाही, कारण म्हणण्याची त्यांना सोयच नव्हती. ही वस्तुस्थिती आहे. तिच्याबद्दल छाती पिटण्याचे कारण नाही, पण ती विसरून केवळ आपल्यावरील अन्यायाची मोजदाद करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तसेच, महाराष्ट्रात भूमिपुत्रांच्या हक्काची भाषा जोर धरते, तेव्हा ओलंडची कसोटी तिलाही लावली पाहिजे. दार आहे का? मराठी शिकून, येथे राहून, कोणीही आत येऊ शकतो का? येऊ शकत असेल तर ते कुंपण समर्थनीय. केवळ आडनाव पाहून दार लावले जात असेल, तर तीच भाषा उद्या वडोदऱ्यात किंवा बेळगावात आपल्याविरुद्ध वापरली जाईल, आणि तेव्हा आपल्यापाशी उत्तर नसेल.

आपल्याला ओलंडसारखा स्वतःचा मुलूख नाही, स्वतःचे विधिमंडळ नाही, आणि ते मागण्यात अर्थही नाही. आपला मुलूख म्हणजे चार शाळा, काही वाचनालये, एखादे गणेशोत्सव मंडळ आणि आमच्या या मंडळासारख्या संस्था. येथे मात्र कुंपण आणि दार दोन्ही आपल्याच हाती आहेत. आमच्या शाळेत गुजराती किंवा माळवी घरचे मूल मराठी शिकावयास आले, तर त्याला आपण आनंदाने घेतो की ‘हे आपले नव्हे’ म्हणून कुजबुजतो? मराठी शिकून घेणारी परभाषी सून दहा वर्षांनीही ‘त्यांच्यातली’च राहते काय? उलट, आडनाव मराठी, पण तीन पिढ्यांत एकही मराठी पुस्तक ज्या घरात आले नाही, त्या घराला मंडळाच्या पहिल्या रांगेतली मिरास कोणत्या न्यायाने? ओलंडच्या नियमाने पाहिले तर त्या सुनेला हक्क केव्हाच मिळाला आणि त्या घराचा केव्हाच गेला.

हा निवाडा आम्हांलाही सुखाचा नाही, कारण त्याच मापाने आमच्या स्वतःच्या घरांतील कित्येक जण उपरे ठरतात. परदेशी गेलेली मुले, मराठी समजणारी पण न बोलणारी नातवंडे, यांची नावे मिरासीच्या वहीतून खोडावयास हात धजत नाही. खोडू नयेतही. पण खोडावयास हात धजत नसेल, तर दुसऱ्या टोकाला नवी नावे लिहावयास तरी तो मोकळा असला पाहिजे. मातृभाषेची मिरास जन्माने मिळते हे खरे. ती राखली जाते मात्र राहण्याने, बोलण्याने, आणि ज्याला ती हवी आहे त्याला देण्याने. समुद्रातल्या तीस हजार माणसांनी एका शतकाच्या अनुभवाने एवढे दाखवून दिले आहे की बहुसंख्यांनी संयम पाळला आणि अल्पसंख्यांनी दार उघडे ठेवले, तर लहान भाषा मोठ्या शेजाऱ्याच्या घरातही नांदू शकते. यांपैकी पहिली गोष्ट आपल्या हाती नाही, तिच्यासाठी आपण सनदशीर मागणी करीत राहू. दुसरी आपल्याच हाती आहे.